वाळवणाचे दोन उन्हाळे

कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो. रोज पाणी बदलायचं, मग वाटून-गाळून चीक काढायचा, शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. एक दिवस चुकला की चीक आंबतो. 24 मार्च 2020 च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली, ती ऐन वाळवणाच्या हंगामात. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता.

नागपुरात वाळवण विकणारी बाई फेब्रुवारीत बचत गटातून कर्ज काढते, गहू-उडदाची डाळ भरते आणि मे अखेरपर्यंत गच्चीवर वर्षभराचा माल वाळवते. ऊन फुकट, पण हात लागतात. शेजारणी रोजीनं येतात. कोरोनाच्या साथीत पहिल्यांदा हे हात गेले, कारण चार बायकांनी एकत्र बसायलाच बंदी. मग लग्नं थांबली, रुखवताच्या ऑर्डरी गेल्या.

खरा घाव मात्र तिसराच, आणि तो कुठल्याच वहीत दिसत नाही. तिचा गल्ला आणि घरखर्चाचा डबा एकच असतो. समजा, भांडवल 20,000 रुपये आणि घराला महिन्याला 7,000 लागतात. नवऱ्याचं काम बंद पडलं की तीन महिन्यांच्या आत भांडवल किराण्यात, गॅसमध्ये, औषधात जातं. धंद्यात एक रुपयाही तोटा न होता धंदा संपतो. म्हणून ‘तोटा किती झाला?’ हा प्रश्न तिला विचारणंच मला चुकीचं वाटतं.

रिझर्व्ह बँकेनं 27 मार्चला हप्त्यांना तीन महिन्यांची मुभा दिली, पुढे ती 31 ऑगस्टपर्यंत वाढली. हप्ता थांबला, व्याज चालूच राहिलं. गटातल्या बायकांची मासिक बचतही थांबली, की अडीअडचणीला उचलायचा गटाचा पैसा आटतो. 1 जूनला पीएम स्वनिधी योजना आली, 10,000 रुपयांचं कर्ज घेऊन. पण ती रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी होती. घरात बसून माल करणारी बाई फेरीवाल्यांच्या यादीत कुठून असणार? शिवाय जूनमध्ये हाती आलेल्या पैशानं कुरडया घालणार कधी? तोवर पाऊस दारात असतो.

काही गटांनी मास्क शिवून दिवस काढले. शाळा बंद, मुलं घरात, त्यामुळे शिवण बहुधा रात्रीच.

ज्यांनी पुन्हा उसनवारी करून 2021 च्या फेब्रुवारीत गहू भरला, त्यांच्यापुढे 15 मार्चला नागपूर शहरात परत कडक टाळेबंदी आली. तोच महिना, तीच गच्ची, आणि या वेळी डोक्यावर मागल्या वर्षीचं कर्जही.