मरुभूमींतील शमी आणि तिचे रक्षणकर्ते

दसरा जवळ आला कीं आमच्या घरांत शमीची आठवण निघते. आपट्याचें पान सोनें म्हणून वाटावें, शमीची पूजा करावी, आणि अज्ञातवासाच्या आरंभीं पांडवांनीं शमीच्या झाडावर शस्त्रें कशीं लपविलीं, ती कथा मुलांस सांगावी, असा परिपाठ आहे. शाळेंत असतां हाच पाठ आम्हीं वर्षानुवर्षें दिला. एके वर्षीं मागच्या बांकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, पांडवांनंतर हें झाड कोणाच्या उपयोगीं पडलें?" वर्ग हंसला, आम्हीहि हंसून वेळ मारून नेली. खरें सांगायचें तर उत्तर आम्हांस ठाऊकच नव्हतें. तें राजस्थानच्या वाळवंटांत आहे, हें फार उशिरां कळलें. त्या प्रश्नाचें ऋण फेडावें, म्हणून हा लेखप्रपंच.

आपण ज्याला शमी किंवा सौंदड म्हणतों, त्यालाच मारवाडांत खेजडी म्हणतात. जैसलमेरकडे वर्षाचा पाऊस सात-आठ इंच, आणि तोहि बेभरंवशाचा. अशा भूमींत हें झाड मुळें खोल सोडून ओलावा शोधतें आणि भर उन्हाळ्यांतहि हिरवें राहतें. तिकडचा शेतकरी शेतांतील खेजडी जपतो, कारण तिच्या आसऱ्यानें बाजरी चांगली येते असा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. तिच्या मुळांवरील सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र जमिनींत आणतात, हें त्याचें शास्त्रीय कारण. पाला उंटांस व शेळ्यांस होतो. कोंवळ्या शेंगा, म्हणजे सांगरी, वाळवून वर्षभर भाजीस वापरतात. १८६८-६९ च्या दुष्काळांत तर लोकांनीं हिची साल दळून पोट भरल्याचें नमूद आहे. पांडवांनीं ह्या झाडावर शस्त्रें ठेवलीं. मारवाडच्या शेतकऱ्यानें आपला जीवच त्याच्या हवालीं केला.

ह्या झाडास धर्माचें कवच चढविलें तें जांभोजी नामक सत्पुरुषानें. नागौरकडील पीपासर गांवीं १४५१ सालीं त्यांचा जन्म झाला. १४८५ सालीं त्यांनीं अनुयायांस एकोणतीस नियम घालून दिले. वीस आणि नऊ मिळून बिश्नोई हें नांव पडलें. हिरवें झाड तोडूं नये व भूतमात्रावर दया करावी, हे त्यांपैकीं दोन नियम. त्यांची परीक्षा १७३० सालीं झाली. जोधपूरचे महाराज अभयसिंह ह्यांस नव्या वाड्यासाठीं चुना भाजावयाचा होता. त्याकरितां सरपण हवें म्हणून राजाचीं माणसें सोळा मैलांवरील खेजडली गांवीं कुऱ्हाडी घेऊन आलीं. अमृतादेवी नांवाच्या गृहिणीनें झाडास मिठी मारली. तिचें मस्तक उडविलें गेलें. पाठोपाठ तिच्या तीन मुली पुढें झाल्या. बातमी पसरतांच भोंवतालच्या गांवचीं माणसें येत राहिलीं, आणि एकंदर ३६३ स्त्री-पुरुषांनीं प्राण दिले. अखेर राजानें बिश्नोई गांवांत वृक्षतोड बंद केली. भाद्रपद शुद्ध दशमीस तेथें अजून जत्रा भरते. घरांत पाळावयाचा एक साधा नियम. परंतु तो राजाज्ञेहून मोठा ठरला.

खेजडलीची कथा बहुतेकांच्या कानांवर आलेली असते. ओरणाची मात्र फारशी कोणी सांगत नाहीं. ओरण हा शब्द आपल्या 'अरण्य' शब्दाचाच अपभ्रंश. देवतेच्या किंवा गोरक्षणांत पडलेल्या वीराच्या नांवें गांवानें राखलेलें रान, तें ओरण. तेथें गुरें चरावींत, पण कुऱ्हाड चालूं नये. वाळून पडलेलें लांकूड देवकार्यास किंवा अंत्यविधीस न्यावें, विकूं मात्र नये. रानाच्या उतारावरचें पावसाचें पाणी मधल्या तळ्यांत जमतें, म्हणून ती जागा स्वच्छ राखावयाची. पहारेकरी कोणी नसतो. धनगर, गुराखी आणि देवाचें भय हेच रक्षक. कोंकणांतील व सह्याद्रींतील देवराया ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस ही व्यवस्था परकी वाटणार नाहीं.

परंतु गांव जिला ओरण म्हणतें, अशी पुष्कळ जमीन सरकारी दप्तरांत नुसती 'पडीक' म्हणून चढली आहे. गेल्या कांहीं वर्षांत जैसलमेर प्रांतीं पवनचक्क्या आल्या, मग सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या पट्ट्यांचे विस्तीर्ण कारखाने आले, आणि त्यांस हीच पडीक जमीन सोयीची वाटली. देगराय देवीच्या ओरणांतून विजेच्या उंच तारा गेल्या. ज्या माळढोक पक्ष्यासाठीं आपल्या सोलापुराजवळ नान्नज येथें १९७९ सालीं अभयारण्य झालें, त्याचा मुख्य आसरा आज जैसलमेरचें माळरान आहे. तो जड पक्षी तारांवर आपटून मरतो. सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२१ मध्यें ह्या तारा शक्य तेथें जमिनीखालून न्याव्यात असें फर्माविलें. मार्च २०२४ मध्यें तो हुकूम सौम्य करून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोंपविला.

गांवकरी स्वस्थ बसले नाहींत. त्यांनीं ओरणांसाठीं पदयात्रा काढल्या, अर्ज केले, न्यायालयाचीं दारें ठोठावलीं. कोळसा जाळण्यापेक्षां सूर्याची वीज बरी, हें कोणीहि सुज्ञ कबूल करील. त्या लोकांचें मागणें एवढेंच, कीं आमचें ओरण ओरण म्हणून दप्तरीं लिहा, आणि कारखाने अन्यत्र न्या. १८ डिसेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें राजस्थान सरकारास आज्ञा केली, कीं अशा देववनांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन मोजणी करावी, नकाशे करावे आणि त्यांस वनाचें संरक्षण द्यावें. आज्ञा झाली, ती खेडोपाडीं उतरावयाची आहे, आणि तोंवर गुराख्यांस जागें राहणें भाग आहे.

'पडीक' हा शब्द आम्हींहि वर्गांत किती सहज शिकविला! जेथें नांगर चालत नाहीं तें पडीक, ही आमची व्याख्या. ज्या रानावर शेंकडों गुरें जगतात, जेथें तळें भरतें, त्यास हें नांव देणारा तें कधीं पायीं फिरला नसावा. वाचकहो, येत्या दिवाळींत मूळ गांवीं जाल, तेव्हां तेथील देवराईची सात-बाराच्या उताऱ्यावर काय नोंद आहे, तेवढें पाहून या. आणि दसऱ्यास शमीची पूजा करतांना पांडवांची कथा संपली कीं मुलांस अमृतादेवीची सांगा. मागच्या बांकावरून प्रश्न आलाच, तर आतां उत्तर आपल्यापाशीं आहे.