जुन्या फोर व्हील जीपला ट्रेलर जोडण्यापूर्वी

कोकणातील आंबा-काजूच्या बागांकडे जाणारा शेवटचा एक-दोन किलोमीटरचा रस्ता बहुधा कच्चा, चढ-उताराचा आणि पावसाळ्यात चिखलाचा असतो. घाटमाथ्यावरील उसाच्या किंवा भाजीपाल्याच्या शेतांची स्थितीही फारशी वेगळी नसते. अशा ठिकाणी चारही चाकांना ताकद मिळणारी पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची जीप बऱ्याच बागायतदारांनी सांभाळून ठेवलेली आढळते. कोणाकडे महिंद्राची एमएम ५४० असते, तर कोणाकडे लष्कराच्या लिलावातून आलेली गाडी. या जीपला दोन चाकी छोटा ट्रेलर जोडला, की फळांचे क्रेट, खताच्या गोणी, फवारणीची टाकी अशी कामे एका खेपेत होतात आणि भाड्याच्या टेम्पोची वाट पाहावी लागत नाही.

मात्र ही गाडी जेव्हा तयार झाली तेव्हा तिचे ब्रेक, पाटे आणि रेडिएटर तिच्या स्वतःच्या वजनाचा विचार करून बसविलेले होते. त्यानंतरच्या वर्षांत या भागांची झीजही झाली आहे. ट्रेलर ओढण्याची ताकद इंजिनात असते, हे खरे. परंतु अपघात होतात ते उतारावर गाडी न थांबल्यामुळे. म्हणून दुरुस्तीला हाती असलेला पैसा प्रथम ब्रेकवर, मग थंडाव्यावर आणि शेवटी उरला तर इंजिनवर खर्च करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वजनाचा हिशेब

समजा, जीप माणसांसह १४०० किलोची आहे. रिकामा ट्रेलर २५० किलोचा आहे. त्यात २० किलो फळ बसणारे २५ क्रेट ठेवले आणि क्रेटचे वजन प्रत्येकी २ किलो धरले, तर माल ५५० किलो आणि ट्रेलर एकूण ८०० किलो होतो. जीप व ट्रेलर मिळून २२०० किलो. आठास एक अशा चढावर केवळ उतरणीकडे ओढ घेणारे बळ सुमारे २७५ किलोचे असते. उतरताना हेच बळ गाडीला पुढे ढकलते. तीनशे मीटर उंचीचा उतार फक्त ब्रेकवर उतरायचा म्हटले, तर ब्रेकमध्ये निर्माण होणारी उष्णता सुमारे २२ लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणण्याइतकी होते. ही सर्व उष्णता ड्रम आणि लायनर यांनाच सोसावी लागते. आंबा, फोंडा किंवा करूळ घाट उतरणाऱ्यांना लायनर जळाल्याचा वास परिचित असेल. त्या वासाचा अर्थ ब्रेकची पकड कमी होऊ लागली असा आहे.

युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला एकूण ७५० किलोची मर्यादा आहे, आणि ओढणारी गाडी हलकी असेल तर त्याहूनही कमी वजन घ्यावे, असा संकेत आहे. ब्रिटनमध्ये हे वजन गाडीच्या निम्म्या वजनापेक्षा जास्त नसावे, असे मानतात. या मापाने वरील ८०० किलोचा ट्रेलर स्वतंत्र ब्रेकशिवाय ओढणे योग्य नाही. एक तर त्याला ब्रेक बसवावेत, किंवा क्रेट कमी करून दोन खेपा कराव्यात. पेट्रोल-डिझेलचा खर्च वाढतो, हे मान्य. पण इथे काटकसर नको.

ब्रेक आणि त्यातील तेल

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. कोकणातील दमट हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. ओलावा मिसळलेले तेल कमी तापमानाला उकळते, नळीत वाफ होते आणि पेडल एकदम मऊ पडते. ते तेल स्वच्छ दिसत असले तरी दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. भर घालून चालणार नाही. त्याच वेळी रबरी होज पाईपवर भेगा आहेत का, व्हील सिलिंडरपाशी ओलसर डाग आहे का, हे पाहावे. मागच्या चाकाच्या ड्रममध्ये गिअर ऑइल उतरलेले असेल, तर अॅक्सलचे ऑइल सील बदलल्याशिवाय नवीन लायनर बसवू नयेत. तेलाने भिजलेले लायनर पुन्हा उपयोगाचे राहत नाहीत.

जुन्या डिझेल जीपमध्ये ब्रेकला मदत करणारा बूस्टर असेल, तर तो इंजिनवर चालणाऱ्या व्हॅक्यूम पंपावर काम करतो. इंजिन बंद पडले, की एक-दोन वेळा पेडल दाबल्यावर मदत संपते आणि पेडल कडक होते. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची किंवा गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय ट्रेलर असताना जीवघेणी ठरेल. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा. ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नये. थोडा वेळ जोराने दाबून वेग कमी करावा आणि सोडून द्यावा, म्हणजे ड्रमला थंड होण्यास सवड मिळते.

वेगाचेही भान ठेवावे. ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटर वेगाने जाताना थांबविण्याची ऊर्जा दीडपट नव्हे, तर सव्वादोनपट लागते.

चार चाकांची जोडणी केव्हा वापरावी

या गाड्यांमध्ये पुढच्या व मागच्या अॅक्सलमध्ये वेगळा डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा लांब अंतर कापतात. माती असेल तर चाक थोडे घसरून हा फरक भरून निघतो. डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही, त्यामुळे शाफ्ट, क्रॉस आणि ट्रान्सफर केस यांना पीळ बसतो. स्टिअरिंग जड होणे आणि लिव्हर अडकून न निघणे ही त्याची लक्षणे होत. लिव्हर अडकला तर जोर लावू नये. काही मीटर गाडी मागे घेतली, की पीळ सुटतो आणि लिव्हर निघतो. याच कारणासाठी चारही टायर एका मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले असावेत. दोन नवे पुढे आणि दोन गुळगुळीत मागे, ही जोडी फोर व्हील गाडीला मानवत नाही.

लो गिअर फोर व्हीलमध्येच लागतो. पुढच्या चाकांना हाताने लॉक करण्याचे हब असतील, तर ते मोकळे ठेवून लो गिअर टाकल्यास ताकद फक्त मागच्या चाकांना जाते आणि कठीण जमिनीवरही पीळ बसत नाही. अंगणात किंवा शेडपुढे ट्रेलर मागे घेताना ही युक्ती उपयोगी पडते. मात्र सर्व जोर मागच्या अॅक्सलवर येत असल्याने क्लच हळू सोडावा आणि चढावर ही युक्ती वापरू नये.

महिनाभर फोर व्हील वापरली नसेल, तर एखादा दिवस मातीच्या रस्त्याने दोन-तीन किलोमीटर चालवावी. त्यामुळे आतील गिअर व सील यांना तेल मिळते.

पावसाळ्यातील एक गोष्ट येथे सविस्तर सांगणे जरूर आहे. चालून तापलेली गाडी ओढ्यात उतरली, की डिफरन्शियलचे हौसिंग एकदम थंड होते आणि आतील हवा आकसते. हौसिंगवरील श्वासनळी मातीने बुजलेली असेल, तर ही पोकळी ऑइल सीलमधून पाणी आत ओढून घेते. वरून काही दिसत नाही. महिना-दोन महिन्यांनी बेअरिंग आवाज करू लागते, तेव्हा लक्षात येते. म्हणून श्वासनळी साफ ठेवावी. ओढ्यातून वारंवार जाणे होत असेल, तर तिला रबरी नळी जोडून तोंड वर, चासीच्या उंचीला न्यावे. खर्च अगदी थोडा आहे. पावसाळा संपल्यावर दोन्ही डिफरन्शियल, गिअर बॉक्स व ट्रान्सफर केसचे तेल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ दिसले, तर पाणी शिरले आहे असे समजून सर्व तेल बदलावे. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचेच तेल वापरावे. डिफरन्शियलसाठीचे काही जहाल तेल गिअर बॉक्समधील पितळी रिंगांना मारक असते.

हूक आणि ट्रेलरची दांडी

हूक बंपरला कधीही लावू नये. तो चासीच्या आडव्या पट्टीला मजबुतीची प्लेट देऊन, डोक्यावर ८.८ असा आकडा असलेल्या बोल्टने बसवावा. दांडीखालून दोन साखळ्या एकमेकींना छेदून बांधाव्यात. पिन निसटली तर दांडी साखळ्यांवर टेकते आणि रस्त्यात रुतत नाही.

माल भरताना थोडा अधिक भार ट्रेलरच्या चाकांच्या पुढे असावा. दांडीच्या टोकावर एकूण वजनाच्या सुमारे १० टक्के भार आला पाहिजे. ८०० किलोच्या ट्रेलरसाठी हा भार ८० किलो होतो. हूकच्या उंचीइतका ठोकळा तोलकाट्यावर ठेवून त्यावर दांडी टेकविली, की नक्की आकडा कळतो. मागे जास्त भार झाला तर दांडी वर उचलते, जीपची मागची चाके हलकी होतात आणि ट्रेलर डोलू लागतो. डोलू लागल्यास स्टिअरिंग सरळ धरून फक्त अॅक्सिलरेटर सोडावा. जोरात ब्रेक मारू नये.

कोणते बदल करावेत

ट्रेलरच्या चाकांना ब्रेक, जास्त क्षमतेचा रेडिएटर आणि मागच्या पाट्यांत एक जादा पाटा हे बदल पैसे वसूल करून देतात. रेडिएटर बदलण्यापूर्वी जुना आतून साफ करून, बाहेरची जाळी किड्या-मातीपासून मोकळी करून पाहावी. अनेकदा तेवढ्याने काम भागते. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास दिला जातो. तो मानू नये.

रुंद व मोठ्या टायरची हौस मात्र आवरावी. २८ इंचांऐवजी ३१ इंच व्यासाचे टायर बसविले, तर चाकावर मिळणारी ओढ सुमारे १० टक्क्यांनी घटते आणि ब्रेकचीही तितकीच शक्ती कमी होते. इंजिन बदलण्याचा विचार असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील परस्पर बदलता येत नाही, हे लक्षात ठेवावे. ट्रेलरलाही स्वतंत्र नोंदणी लागते. दोन्ही बाबतींत काम हाती घेण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात चौकशी करावी. विम्याच्या कागदात ट्रेलरचा उल्लेख आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

क्लचची चाचणी आपल्याला घरीच करता येते. सपाट मोकळ्या जागी चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक ओढावा, समोर कोणी नाही हे पाहावे, तिसरा गिअर टाकून क्लच हळू सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच ठीक आहे. ते फिरतच राहिले, तर क्लच प्लेट बदलेपर्यंत त्या गाडीला ट्रेलर जोडू नये.