कंटेनर तंत्रज्ञान : विकसन-पर्यावरण आणि प्रत्यक्ष वापराचे पर्यावरण

प्रस्तावना

विद्यार्थ्याने तयार केलेला प्रकल्प त्याच्या स्वतःच्या संगणकावर सुरळीत चालतो आणि प्रयोगशाळेतील संगणकावर बंद पडतो, हा अनुभव प्राध्यापकांना नवा नाही. पुष्कळदा दोष आज्ञावलीत नसतो. ती ज्या भाषा-आवृत्तीवर व साहाय्यक लायब्ररींवर अवलंबून असते, त्या दोन्ही ठिकाणी भिन्न असतात. कंटेनर तंत्रज्ञानाने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. तथापि विकसकाच्या संगणकावर कंटेनर चालला, म्हणजे तो हजारो लोकांना सेवा देण्यास सिद्ध झाला, असा समज त्यातून निर्माण होतो. हा समज तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कंटेनरची संकल्पना

व्हर्च्युअल मशीनमध्ये संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम स्वतंत्रपणे चालते. कंटेनर मात्र यजमान संगणकाचेच कर्नल वापरतो. लिनक्समधील 'नेमस्पेस' ही सोय कंटेनरमधील प्रक्रियेला काय दिसावे हे ठरवते, तर 'सीग्रुप्स' ही सोय तिने किती मेमरी व प्रोसेसर वापरावा हे ठरवते. युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीतील 'सीएचरूट' ही या विचाराची आरंभीची पायरी होय. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने तो सामान्य विकसकाच्या आवाक्यात आणला.

आज्ञावली व तिच्या गरजा ज्या संचात बांधल्या जातात, त्यास 'इमेज' म्हणतात. इमेज ही एकावर एक रचलेल्या, केवळ वाचता येणाऱ्या थरांची असते. कंटेनर सुरू होताना तिच्यावर एक लेखनयोग्य थर चढतो आणि कंटेनर काढून टाकला की तो थरही नष्ट होतो.

दोन पर्यावरणांतील भेद

विकसनात वेग व सोय यांना महत्त्व असते, तर प्रत्यक्ष वापरात स्थैर्य व सुरक्षितता यांना. प्रवेश-अर्ज स्वीकारणारी महाविद्यालयाची आज्ञावली उदाहरणादाखल घेतल्यास पुढील भेद स्पष्ट होतात.

१) इमेजची रचना : विकसक आपल्या संगणकावरील फोल्डर कंटेनरला जोडतो, त्यामुळे केलेला बदल तत्काळ दिसतो. प्रत्यक्ष वापरात कोड इमेजमध्येच बांधलेला असावा आणि कंपायलरसारखी अनावश्यक साधने तीत नसावीत. डॉकरच्या २०१७ मधील १७.०५ या आवृत्तीपासून बहुटप्पी बांधणीमुळे हे सुलभ झाले.

२) माहितीचे जतन : अर्जदारांच्या गुणपत्रिका कंटेनरच्या लेखनयोग्य थरात साठवल्यास नवी आवृत्ती बसवताना त्या नाहीशा होतील. त्यासाठी कंटेनरबाहेरील साठवण आवश्यक ठरते.

३) साधनमर्यादा : मर्यादा घालून न दिल्यास डॉकर कंटेनरला यजमानाची उपलब्ध असेल तेवढी मेमरी वापरू देतो. एकट्याच्या संगणकावर हे खपून जाते. अर्जाच्या अखेरच्या दिवशी मात्र एक कंटेनर शेजारच्या सर्व सेवा अडवू शकतो.

४) सुरक्षितता : वेगळी सूचना नसेल तर कंटेनरमधील प्रक्रिया बहुधा 'रूट' अधिकाराने चालते. फेब्रुवारी २०१९ मध्ये उघड झालेल्या 'रनसी'मधील दोषामुळे अशा प्रक्रियेस यजमान संगणकाचा ताबा मिळवणे शक्य होत होते. तसेच इमेजच्या एका थरात लिहिलेला पासवर्ड पुढील थरात पुसला, तरी मूळ थरात तो शिल्लक राहतो.

५) आवृत्तीची निश्चिती : 'लेटेस्ट' हे नाव आज एका इमेजकडे, तर उद्या दुसऱ्या इमेजकडे निर्देश करू शकते. म्हणून प्रत्यक्ष वापरात निश्चित आवृत्ती नोंदवणे इष्ट असते.

साधनांचे विभाजन

हा भेद साधनांच्या निवडीतही दिसतो. अनेक संगणकांवर कंटेनर विभागणे आणि बंद पडलेला कंटेनर पुन्हा सुरू करणे यासाठी कुबरनेटीसचा वापर होतो. डॉकरशी थेट जोडणारा 'डॉकरशिम' हा दुवा काढून टाकण्याचे त्याच्या विकसकांनी डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केले व मे २०२२ मधील १.२४ या आवृत्तीत तो काढला. यामुळे डॉकरने बांधलेल्या इमेज निरुपयोगी होतील, अशी शंका अनेकांना वाटली. प्रत्यक्षात त्या 'कंटेनरडी' किंवा 'क्रायओ' यांवर पूर्ववत चालत राहिल्या. कारण २०१५ मध्ये स्थापन झालेल्या ओपन कंटेनर इनिशिएटिव्हने इमेजचे स्वरूप प्रमाणित केले होते. इमेज बांधणे आणि ती चालवणे ही दोन स्वतंत्र कार्ये आहेत, हे यावरून सिद्ध होते.

समारोप

कंटेनरमुळे आज्ञावलीसोबत तिचे पर्यावरणही एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेता येते. जबाबदारी मात्र त्यासोबत आपोआप जात नाही. म्हणून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचे मूल्यमापन केवळ 'चालतो की नाही' एवढ्यावर थांबू नये. परीक्षकाने कंटेनर काढून टाकून पुन्हा सुरू करावा व माहिती टिकली का ते पाहावे. मेमरीची मर्यादा घालावी. प्रक्रिया कोणत्या अधिकाराने चालते हे विचारावे. या तीन साध्या कसोट्यांना फारसा वेळ लागत नाही. परंतु ज्या आज्ञावलीवर उद्या एखाद्याचा प्रवेश अवलंबून असेल, तिच्या कर्त्याला हे प्रश्न महाविद्यालयातच पडलेले असणे अगत्याचे आहे.