गुठळीच्या पोटातला झोपलेला गडी

भाजी चिरताना बोट कापतं आणि थोड्याच वेळात रक्त थांबतं. फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे जखमेवर जाळं विणतात, त्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी होते. इथवरचं शाळेत शिकलेलं असतं. पण पुढे? रक्तवाहिनी आतून सांधली गेल्यावर त्या गुठळीचं होतं काय?

तिचे धागे कातरतं प्लाझ्मिन नावाचं विकर. आणि ते येतं कुठून, तर गुठळीच्याच पोटातून! यकृतात तयार झालेलं प्लाझ्मिनोजेन हे त्याचं निद्रिस्त रूप रक्तात सतत फिरत असतं आणि जाळं विणलं जातानाच त्यात गुंतून बसतं. परांची बांधतानाच ती सोडवणारा गडी तिच्यात झोपवून ठेवावा, तसं!

त्याला उठवतं कोण? रक्तवाहिनीच्या अस्तरातून पाझरणारं टीपीए नावाचं विकर. मोकळ्या रक्तात ते जवळजवळ सुस्त असतं, पण फायब्रिनला चिकटलं की त्याचा वेग शेकडो पटींनी वाढतो. प्लाझ्मिनोजेनच्या ७९१ अमिनो आम्लांच्या साखळीतला नेमका एक बंध ते तोडतं. बस्स, गडी जागा!

मग हा गडी रक्तात सुटून नको तिथे कातरकाम करत नाही का? अल्फा-२ अँटिप्लाझ्मिन नावाचा पहारेकरी मोकळं प्लाझ्मिन सेकंदाच्या अंशात जेरबंद करतो. तेच प्लाझ्मिन फायब्रिनवर कामाला लागलेलं असेल, तर मात्र पहारेकऱ्याला त्याच्यावर सहज पकड घेता येत नाही, कारण पकडायची जागाच फायब्रिनने अडवलेली असते. केवढी ही चोख व्यवस्था! कोविडकाळात घरोघरी ऐकू आलेलं ‘डी-डायमर’ म्हणजे प्लाझ्मिनने कातरलेल्या या धाग्यांचे तुकडेच.

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबली, तर अंगचं टीपीए अनेकदा पुरं पडत नाही. तेव्हा डॉक्टर प्रयोगशाळेत बनवलेलं टीपीए शिरेतून देतात. मात्र मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे आधी स्कॅन करून पाहावं लागतं आणि औषध साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर ‘जरा पडून राहा, बरं वाटेल’ म्हणू नका. वेळ लिहून ठेवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय तडक गाठा.