हौशी घोडेस्वार कोणाला म्हणायचं? पात्रतेच्या वादांतले गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारीच्या बऱ्याचशा स्पर्धा ऑल्डरशॉट या लष्करी छावणीच्या गावी झाल्या. ड्रेसाजचं सांघिक सुवर्णपदक स्वीडनने जिंकलं, तेही फ्रान्सला भरपूर फरकाने मागे टाकून. ड्रेसाजमध्ये ठरलेल्या हालचाली घोड्याकडून स्वाराच्या अगदी हलक्या इशाऱ्यांवर करून घ्यायच्या असतात आणि पंच प्रत्येक हालचालीला गुण देतात. त्या गुणांबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. तरीही एप्रिल १९४९ मध्ये, म्हणजे तब्बल आठ महिन्यांनी, आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने (एफईआय) स्वीडनचा संघ बाद ठरवला. सुवर्ण फ्रान्सकडे गेलं, रौप्य अमेरिकेला आणि कांस्य पोर्तुगालला मिळालं.

ही हकिकत ऐकली की पहिला अंदाज ठरलेला असतो: घोड्याला काहीतरी टोचलं असेल, नाहीतर पंच फोडला असेल. यातलं काहीच झालं नव्हतं. स्वीडनच्या तीन स्वारांपैकी येनेल पेर्सन हे कमिशन मिळालेले अधिकारी नव्हते, एवढाच आक्षेप होता.

त्या काळच्या नियमानुसार ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारी दोघांनाच करता येई: लष्करातल्या कमिशन्ड अधिकाऱ्याला, किंवा घोड्यावर पोट न भरणाऱ्या प्रतिष्ठित गृहस्थाला. हवालदार-सार्जंट दर्जाचा सैनिक मात्र व्यावसायिक धरला जाई, कारण रिसाल्यात घोडे तयार करणं आणि नव्या लोकांना बसायला शिकवणं हे त्याचं रोजचं, पगारी काम. पेर्सन याच दर्जाचे होते. स्पर्धेच्या तोंडावर स्वीडनच्या सैन्याने त्यांना लेफ्टनंट केलं, त्या नात्याने त्यांनी भाग घेतला, सांघिक सुवर्ण मिळवलं, वैयक्तिक स्पर्धेत सहावे आले आणि ऑलिम्पिक आटोपल्यावर काही आठवड्यांतच त्यांना पुन्हा जुन्या दर्जावर आणलं गेलं. खांद्यावरची ही चढ-उतार एफईआयच्या ध्यानात आली. त्या वेळी संघ तिघांचाच असे आणि तिघांचेही गुण धरले जात. एक गेला की संघच उरत नसे.

स्वीडनने पळवाट काढली, हे मान्यच करायला हवं. केवळ स्पर्धेपुरती दिलेली बढती ही नियमाला दिलेली हुलकावणी होती. पण नियम तरी कसला होता? रिसाल्यातला कॅप्टनही सरकारी पगारावरच रोज घोड्यावर बसत होता. त्याचा घोडा सरकारी, चारा सरकारी, सरावाचा वेळही सरकारी. तरी तो हौशी आणि त्याच तबेल्यातला सार्जंट व्यावसायिक! नियम पैशाचा म्हणून सांगितला जाई, प्रत्यक्षात तो दर्जाचा होता. माझ्या मते पेर्सन यांच्यावर अन्याय झाला आणि तो आठ महिन्यांनी आलेल्या निकालाने नव्हे, नियम लिहिला गेला तेव्हाच झाला.

हे नंतर खेळाच्या धुरिणांनाही पटलं असावं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी ड्रेसाज सगळ्या दर्जांच्या सैनिकांना खुलं झालं, आणि स्त्रियांनाही. तोवर त्या कोणत्याच व्याख्येत बसत नव्हत्या. हेलसिंकीत स्वीडनने तेच तीन स्वार उतरवले: आन्री सेंट सिर, गुस्ताफ अडॉल्फ बोल्टेनस्टर्न आणि येनेल पेर्सन. सांघिक सुवर्ण त्यांनी जिंकलं. १९५६ मध्ये याच तिघांनी ते राखलंही. हेलसिंकीत वैयक्तिक रौप्य मिळालं डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना. १९४४ मध्ये पोलिओ झाल्यापासून त्यांचे पाय गुडघ्याखाली लुळे होते, घोड्यावर चढायला आणि उतरायला त्यांना दुसऱ्याचा हात लागे. चार वर्षांपूर्वी त्यांचा अर्जच घेतला गेला नसता.

‘हौशी म्हणजे नवशिका’

आपल्याकडे हा समज फार घट्ट आहे. मुंबईत महालक्ष्मीला १९४२ पासून अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. त्याच्या नावातला ‘अमॅच्युअर’ वाचून तिथे फक्त शिकाऊ मंडळी येत असतील असं वाटणारे लोक भेटतात. अमेरिकेच्या घोडेस्वारी महासंघाने तर आपल्या व्याख्येच्या सुरुवातीलाच स्पष्ट केलं आहे की स्वाराचं कौशल्य किंवा त्याने मिळवलेलं यश काहीही असो, हौशी कोण हे त्यावर ठरत नाही. अठराव्या वर्षानंतर त्याने घोड्यावर बसण्याचा, घोडा तयार करण्याचा किंवा शिकवण्याचा मोबदला घेतला का, हे पाहिलं जातं. पंचवीस वर्षं मोठमोठे अडथळे पार करणारी डॉक्टर हौशी असू शकते. गेल्या महिन्यात पहिल्यांदा कुणाला पैसे घेऊन शिकवणारा कॉलेजचा मुलगा मात्र हौशी राहत नाही.

म्हणूनच ‘ती इतकी चांगली बसते, ती हौशी गटात कशी?’ ही तक्रार टिकत नाही. अशी तक्रार करणाऱ्यांना हवी असते कौशल्यानुसार विभागणी. ती करायची साधनं वेगळी आहेत: अडथळ्यांची उंची, कसोटीची पातळी, आधी जिंकलेल्या स्पर्धांची मर्यादा.

‘पैशाला हात लावला की संपलं’

खरे वाद इथे होतात आणि ते सोपे नसतात. घोड्याच्या खेळात पैसा अनेक वाटांनी येतो, आणि प्रत्येक वाटेला नियम वेगळा लागतो. बक्षिसाचंच घ्या. घोडेस्वारीत बक्षिसाची रक्कम मुळात घोड्याच्या मालकाची मानली जाते. त्यामुळे अमेरिकेत हौशी स्वार स्वतःच्या घोड्याने जिंकलेली रक्कम मालक म्हणून घेऊ शकतो. फक्त घोड्याऐवजी स्वाराची बैठक जोखणाऱ्या वर्गांत ही मुभा नाही. प्रवासाचा किंवा प्रवेश-शुल्काचा प्रत्यक्ष झालेला खर्च भरून घेणं हाही मोबदला नव्हे. घोड्यांचा डॉक्टर, नालबंद, खोगिरं-लगाम विकणारा दुकानदार किंवा घोडे पैदा करणारा माणूस केवळ त्या व्यवसायामुळे व्यावसायिक ठरत नाही.

अडचण येते ती सीमारेषेवर. समजा, पुण्यात घोड्यावर बसायला शिकलेली एक मुलगी अमेरिकेत एम. एस. करायला गेली आणि तिने एका तबेल्यात अर्धवेळ नोकरी धरली. काम हिशेबाचं आणि फोन घेण्याचं. हळूहळू मालक म्हणू लागला, ‘संध्याकाळी ही दोन घोडी जरा फिरवून आण, तुलाही सराव होईल.’ दोघांनाही यात काही वावगं वाटत नाही. शनिवारी ती हौशी गटात उतरते, दुसरी येते आणि तिसरा आलेला स्वार हरकत घेतो. आता पगार हिशेबाचा की घोडी फिरवण्याचा? नेमणुकीच्या पत्रावर काय लिहिलंय यापेक्षा तिने दिवसभर काय केलं याला वजन येतं, आणि ते सिद्ध करायची कागदपत्रं तिच्याकडे नसतात. अशा वादांत बहुतेकदा लबाडी नसते. कामाची सीमा कोणी आखलेलीच नसते.

फुकट मिळणारी सवलतही मोबदल्यात मोजली जाऊ शकते, हे आणखी कमी लोकांना माहीत असतं. शिकवण्याच्या बदल्यात घोड्याचं ठाणभाडं आणि चारा माफ झाला, तर हातात रुपया न येताही मोबदला घेतलाच की! एकदा व्यावसायिक ठरलेला माणूस कायमचा व्यावसायिक राहतो, हेही खरं नाही. अमेरिकेत असं काम पूर्ण एक वर्ष बंद ठेवलं की हौशी म्हणून पुन्हा अर्ज करता येतो.

‘नियम एक असला की न्याय सारखा’

नियमाचा मजकूर सगळीकडे एक असूनही अंमलबजावणी वेगळी झाली तर काय होतं, याची किंमत ब्रिटनने मोजली. १९७० च्या दशकात शो-जंपिंगमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धांत, प्रायोजकांचा पैसा आला. आघाडीचे स्वार त्याच पैशावर जगत होते आणि तरी हौशी म्हणवत होते. त्या वेळी एफईआयच्या अध्यक्षपदी ब्रिटनचेच प्रिन्स फिलिप होते, १९६४ ते १९८६. ब्रिटनने आपल्या घरापासून सुरुवात केली आणि हार्वे स्मिथ, डेव्हिड ब्रूम यांच्यासारख्या नामवंतांना व्यावसायिक ठरवलं. इतर बहुतेक देशांनी तसं केलं नाही. त्यांचे स्वार तशाच परिस्थितीत हौशी म्हणून ऑलिम्पिकला जात राहिले. १९६० आणि १९६८ ची वैयक्तिक कांस्यपदकं जिंकलेले ब्रूम १९७२ नंतर थेट १९८८ मध्ये, सोलला पुन्हा ऑलिम्पिकमध्ये दिसले. ज्यांनी नियम प्रामाणिकपणे पाळला, तेच घरी बसले.

‘ऑलिम्पिक आजही हौशींचंच’

नाही. ऑलिम्पिक सनदेतून हौशीपणाची अट १९७० च्या दशकातच निघाली आणि पुढच्या दशकात व्यावसायिकांना वाट मोकळी झाली. आज हौशी हा शब्द घोडेस्वारीत उरलाय तो मुख्यतः राष्ट्रीय आणि क्लब पातळीवरच्या गटांत. याचा अर्थ पात्रतेच्या अटी संपल्या असा मात्र कोणी घेऊ नये. त्या आता वय, कामगिरी आणि घोडा यांवर आल्या आहेत. ऑलिम्पिक ड्रेसाजसाठी स्वार त्या वर्षी किमान १६ वर्षांचा व्हायला हवा, शो-जंपिंग आणि इव्हेंटिंगसाठी (ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि शो-जंपिंग यांची एकत्र कसोटी) १८ चा. घोड्यालाही वयाची अट आहे: ड्रेसाज आणि इव्हेंटिंगला ८ वर्षं, शो-जंपिंगला ९. घोड्याची मालकीही स्वाराच्याच देशाच्या नागरिकाकडे असावी लागते आणि त्याची नोंद ऑलिम्पिक वर्षाच्या जानेवारीपर्यंत झालेली असावी लागते. शिवाय ठरावीक दर्जाच्या स्पर्धांत किमान पात्रता मिळवावी लागते. ती मिळाली म्हणजे निवड पक्की, असंही नाही. ती फक्त दारात उभं राहण्याची परवानगी आहे. कोण जाणार हे देशाचा महासंघ ठरवतो आणि आपल्याकडचे कडवट वाद तिथेच होतात.

भारताला जुन्या नियमाच्या बदलाचा फायदाच झाला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंगचं सुवर्ण जिंकणारे भारतीय सैन्याच्या ६१ कॅव्हलरीचे रघुबीर सिंग कमिशन्ड अधिकारी नव्हते. १९४८ चं नियमपुस्तक लागू असतं, तर ते रिंगणाबाहेर राहिले असते. त्यानंतर घोडेस्वारीतलं पुढचं आशियाई सुवर्ण यायला ४१ वर्षं लागली. २०२३ मध्ये हांगचौला ड्रेसाजच्या संघाने ते आणलं. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला यांच्यासोबत त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. चौघांपैकी कोणाच्याही खांद्यावर लष्करी पट्टी नव्हती, दोघी मुली होत्या आणि त्यावर कोणी हरकत घेतली नाही.

तुम्ही किंवा तुमची मुलं स्पर्धेत उतरत असाल, तर अर्ज भरण्याआधी त्या स्पर्धेचं चालू वर्षाचं नियमपुस्तक वाचा. गेल्या वर्षीचं चालणार नाही, दुसऱ्या देशाचं तर नाहीच. तबेल्यात काम करत असाल, तर कामाचं स्वरूप आणि मिळणारी प्रत्येक सवलत कागदावर येऊ द्या. शंका असेल तर महासंघाला लेखी विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. तबेल्यातल्या कुणीतरी ‘चालतंय हो’ म्हटलं होतं, हे सुनावणीत कोणी ऐकून घेत नाही.