उन्हाचं माप

आज दुपारी पुण्यात ऊन किती होतं? ‘चांगलंच कडक होतं,’ एवढं उत्तर आपल्यापैकी कुणीही देईल. पण भोसरीत किंवा नऱ्ह्यात पत्र्याच्या शेडमध्ये दहा-बारा माणसं हाताशी घेऊन सोलर वॉटर हीटर बनवणाऱ्या उद्योजकाचं तेवढ्यानं भागत नाही. आपल्या हीटरवर पडलेल्या उन्हातला किती हिस्सा पाण्यात उतरतो, हे त्याला गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगायचं असतं. त्यासाठी मुळात ऊन पडलं किती, हे कळायला हवं. आणि ऊन मोजायचं कसं?

त्यासाठी पायरॅनोमीटर नावाचं एक देखणं यंत्र असतं. वर काचेचे दोन घुमट, एकाच्या आत एक. मधोमध नाण्याएवढी काळीकुट्ट चकती. ऊन पडलं की चकती तापते. तिच्या खाली दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारांचे जोड असतात. एक टोक तापलेल्या चकतीला, दुसरं गार बैठकीला. अशा जोडाची दोन टोकं वेगवेगळ्या तापमानाला असली, की त्यात आपोआप विजेचा दाब तयार होतो. ना सेल, ना प्लग! दर चौरस मीटरवर ९०० वॉट इतकं खणखणीत ऊन पडत असताना हा दाब भरतो साधारण नऊ मिलिव्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलचा दाब याच्या दीडशे पटींहून जास्त असतो. एवढ्याशा कुजबुजीतून हे यंत्र सूर्याचा हिशेब ऐकतं.

घुमट दोन कशाला? वाऱ्याची एक झुळूक उघड्या चकतीवरून गेली तरी ती गार होईल आणि यंत्र म्हणेल, ऊन कमी झालं. काच ऊन आत सोडते आणि वारा बाहेर अडवते. पण बाहेरचा घुमट स्वतः आभाळाकडे उष्णता फेकून गार होत असतो. त्याचा परिणाम चकतीपर्यंत पोचू नये, म्हणून आत दुसरा घुमट. केवढा बारीक विचार आहे हा!

पण नऊ मिलिव्होल्ट म्हणजेच ९०० वॉट, हे ठरवलं कुणी? हे यंत्र त्याहून भरवशाच्या यंत्राशेजारी उन्हात ठेवून ताडून पाहतात. ते दुसरं यंत्र तिसऱ्याशी ताडलेलं असतं. असं एकेक पायरी चढत गेलं की आपण पोचतो स्वित्झर्लंडमधल्या दावोसला. तिथल्या जागतिक प्रारण (रेडिएशन) केंद्रात काही निवडक यंत्रं जपून ठेवली आहेत, आणि जगभरातल्या उन्हाचं माप शेवटी त्यांच्याशी जुळवलं जातं. ती यंत्रं तर विलक्षणच. आतून काळी केलेली एक पोकळी, तिला नेमक्या मापाचं भोक. भोकातून सूर्य आत येतो, पोकळी तापते. मग झडप बंद होते आणि आतली विजेची तार पोकळीला बरोबर तितकीच तापवते. तारेला किती वीज लागली हे आपल्याला अगदी काटेकोर मोजता येतं. जितकी वीज लागली, तितकं ऊन आलं होतं! पंधरा कोटी किलोमीटरवरून आलेली ऊर्जा इथे विजेशी थेट ताडली जाते. साधारण दर पाच वर्षांनी देशोदेशीचे शास्त्रज्ञ आपापली मानक यंत्रं घेऊन दावोसला जमतात आणि सगळी यंत्रं एकाच वेळी सूर्याकडे रोखून ताडून पाहतात. आभाळ आलं, की थांबायचं.

या साखळीतली एक महत्त्वाची कडी पुण्यात शिवाजीनगरला आहे. सिमला ऑफिस चौकातून तुम्ही शेकडो वेळा गेला असाल. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून त्या इमारतीला सिमला ऑफिस हे नाव पडलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण उपकरणांचा मोठा विभाग इथेच राहिला. जागतिक हवामान संघटनेनं आशियासाठी जी प्रादेशिक प्रारण केंद्रं नेमली आहेत, त्यांत टोकियोबरोबर पुण्याचं नाव आहे.

हे घडवण्यात एका बाईंचा फार मोठा वाटा आहे आणि त्यांचं नाव पुण्यात घरोघरी माहीत असायला हवं होतं. अ‍ॅना मणी. जन्म १९१८ चा, केरळातला. सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिऱ्यामाणकांच्या प्रकाशावर संशोधन केलं, पण एम. एस्सी. ची पदवी नाही म्हणून विद्यापीठानं त्यांना पीएच. डी. दिली नाही. शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या त्या भौतिकशास्त्र शिकायला. मिळाला तो हवामानाच्या उपकरणांचा अभ्यास. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. तेव्हा साधी साधी उपकरणंही परदेशातून यायची. मणीबाईंनी शंभराच्या आसपास उपकरणांची प्रमाणित रेखाचित्रं करून घेतली आणि ती इथे बनवायला लावली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी देशभर ऊन मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं. त्यांचा भारतातल्या सौर प्रारणाच्या आकड्यांचा ग्रंथ १९८० मध्ये निघाला. मग कितीतरी वर्षं सोलरवाल्या इंजिनिअरांच्या टेबलावर तो असायचा. घरोघरच्या गच्चीवर पॅनेल बसण्याच्या कितीतरी आधी या बाईंनी देशाच्या उन्हाची मोजदाद सुरू केली होती!

आता भोसरीच्या आपल्या उद्योजकाकडे परत येऊ. माप आहे, पण चाचणी कुठे करायची? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या स्कूल ऑफ एनर्जी स्टडीजनं सौर-औष्णिक उपकरणांचं चाचणी केंद्र उभारलं. सूर्य एका जागी एकवटणाऱ्या मोठ्या तबकड्यांच्या चाचणीसाठी केंद्र सरकार आणि संयुक्त राष्ट्रांच्या एका प्रकल्पात दोन केंद्रं निवडली गेली. एक दिल्लीजवळ गुरुग्रामला आणि दुसरं हे, आपल्या विद्यापीठातलं. अशाच तबकड्यांच्या वाफेवर शिर्डीला साईबाबा संस्थानात रोज हजारो भक्तांचं जेवण शिजतं.

विद्यापीठातल्या केंद्राच्या चाचण्यांतली माझी सगळ्यात आवडती चाचणी सोलर कुकरची. कुकर रिकामा ठेवायचा, झाकण लावायचं आणि भर दुपारी उन्हात सोडून द्यायचा. आतल्या काळ्या पत्र्याचं तापमान चढत चढत एका जागी थांबतं. समजा ते १४० अंशांवर थांबलं, बाहेरची हवा ३२ अंश आणि ऊन ९०० वॉट. फरक १०८, त्याला ९०० नं भागा. उत्तर ०.१२. भारतीय मानकानुसार ०.१२ किंवा त्याहून जास्त आलं, की कुकर ‘ए’ ग्रेडचा. संपलं! पण या इवल्याशा आकड्यात काय काय दडलंय बघा. काच किती ऊन आत सोडते, काळा रंग किती शोषतो, झाकणाच्या रबरातून आणि पेटीच्या भिंतींतून किती उष्णता गळते, सगळंच त्यात आलं. शिवाय उन्हानं भागलेलं असल्यामुळे पुण्याच्या डिसेंबरातला निकाल आणि नागपूरच्या एप्रिलमधला निकाल शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येते.

हीटरची परीक्षा जास्त कडक. दोन चौरस मीटरचा कलेक्टर, मिनिटाला सुमारे अडीच लिटर पाणी. आत शिरताना ४० अंश, बाहेर पडताना ४७. वर पडतंय १८०० वॉट ऊन, पाण्यात उतरतंय जवळपास १२०० वॉट. म्हणजे ६५ ते ६७ टक्के ऊन हाती लागलं. छान. पण थर्मामीटर फक्त अर्ध्या अंशानं चुकला तर? फरकच मुळी सात अंशांचा; त्यात अर्ध्याची चूक म्हणजे उत्तरात सात टक्क्यांचा घोळ. एखादा प्रामाणिक उत्पादक विनाकारण नापास होईल, नाहीतर निकृष्ट माल पास. म्हणून अंशाच्या दहाव्या भागापर्यंत विश्वास ठेवता येतील अशी तापमापकं लागतात, पाण्याचा प्रवाह एकसारखा ठेवणारी यंत्रणा लागते. आणि त्याआधी छळ असतो तो वेगळाच. पाण्याविना कलेक्टर दिवसच्या दिवस उन्हात तापवायचा. तापलेला असतानाच त्यावर गार पाणी फवारायचं, कारण मे महिन्यात वळवाचा पाऊस विचारून येत नाही. काच तडकली तर आत्ताच तडकू दे. काचेवर पोलादी गोळा टाकून पाहायचा.

समजा, हीटर नापास झाला. का झाला? इथे गोष्ट आणखी रंगते. चांगल्या कलेक्टरच्या तांब्याच्या पत्र्यावर एक खास लेप असतो. आपल्या डोळ्यांना तो काळा दिसतो, म्हणजे येणारं ऊन तो पिऊन टाकतो. पण तापलेला पत्रा जी अदृश्य उष्णता बाहेर फेकू पाहतो, तिच्या बाबतीत तोच लेप आरशासारखा वागतो आणि तिला बाहेर पडू देत नाही. एकच पृष्ठभाग, येणाऱ्याला काळा आणि जाणाऱ्याला आरसा! ही किमया साधते ती लेप विलक्षण पातळ असल्यामुळे. त्याची जाडी केसाच्या जाडीचा एक क्षुल्लक अंश भरते. लेपात कुठे भोक पडलंय, कुठे तो जाड झालाय, हे बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा. आता कोटींच्या घरातलं हे यंत्र दहा माणसांच्या कारखान्यानं घ्यायचं कुठून?

त्यानं ते घ्यायचंच नाही. गहू दळायला घरोघरी कुणी गिरणी बसवत नाही. डबा घेऊन जायचं, नंबर लावायचा, दळणाचे पैसे द्यायचे. यंत्रांचंही तसंच. पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आपली एनसीएल, १९५० पासून उभी आहे. तिच्या आवारात २००७ मध्ये व्हेंचर सेंटर सुरू झालं. ही ना-नफा तत्त्वावर चालणारी कंपनी आहे. नव्या उद्योजकांना प्रयोगाची जागा, उपकरणं, पदार्थांची तपासणी आणि पेटंटपासून परवान्यांपर्यंतचा सल्ला एकाच छताखाली मिळावा, हा तिचा उद्देश. यंत्र एकाचं, उपयोग अनेकांचा. यंत्राइतकाच मोलाचा असतो ते चालवणारा तज्ज्ञ. चित्रात काय दिसतंय हे समजणारा माणूस मिळणं, हेच लहान उद्योगाला सगळ्यात अवघड जातं.

वेताळ टेकडीवरची एआरएआय ही तर या कल्पनेची थोरली बहीण. १९६६ मध्ये वाहन उद्योग आणि सरकार यांनी मिळून ती उभारली, सगळ्यांच्या गाड्यांची परीक्षा एका ठिकाणी व्हावी म्हणून. आज तिथे बॅटऱ्यांचीही परीक्षा होते. २०२२ मध्ये विजेच्या दुचाकींना आगी लागल्या आणि त्या वर्षाच्या डिसेंबरपासून बॅटरीचे नियम टप्प्याटप्प्यानं कडक झाले. आता बॅटरीतला एक सेल मुद्दाम भडकवून पाहावा लागतो, आग शेजारच्या सेलपर्यंत पसरते का ते बघायला. ज्यानं नुकतीच आपली पहिली बॅटरी जोडली आहे, त्यानं या आगीच्या चाचणीची खोली स्वतःच्या गाळ्यात कुठे बांधायची?

मला मनापासून वाटतं, की अनुदानापेक्षा या सामाईक सोयींनी लहान उद्योगांचं जास्त भलं होतं. अनुदान माल खपवतं. चाचणी माल सुधारते. नापास झालेला कलेक्टर परत आणून, लेप बदलून, रबर बदलून पुन्हा तपासायला नेणारा कारागीर हाच खरा संशोधक. त्याला पिंपरी-चिंचवडपासून कोल्हापूर-इचलकरंजीपर्यंत अशा सोयी जवळ मिळायला हव्यात. प्रत्येक जिल्ह्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात निदान एक ताडून घेतलेला पायरॅनोमीटर आणि एक चाचणीचा ओटा असायला काय हरकत आहे?

आपल्या हातातही एक गोष्ट आहे. पुढच्या वेळी सोलर हीटर, कुकर किंवा पॅनेल घ्याल तेव्हा किंमत आणि वॉरंटी विचारून थांबू नका. चाचणीचा अहवाल मागा. कुठल्या केंद्राचा आहे, कधीचा आहे, त्यात आकडा काय आलाय, हे स्वतः वाचून बघा आणि मगच पैसे द्या.