एड्स प्रतिबंध आणि तळागाळातील राजकारण : सांगलीतील वेश्या अन्याय मुक्ती परिषद

प्रस्तावना : भारतात एच.आय.व्ही.चा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये मद्रास येथील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तनमुन्यांत आढळला. परिणामी हा वर्ग रोगाचा स्रोत मानला गेला. गोव्यात तर १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा यांना केवळ संसर्गाच्या कारणास्तव ६४ दिवस स्थानबद्ध करण्यात आले.

सांगलीतील कार्य : १९९२ मध्ये मीना सेषू यांच्या पुढाकाराने 'संग्राम' संस्थेने सांगलीत वेगळा मार्ग स्वीकारला. निरोधचे वाटप वस्तीतील स्त्रियांच्याच हाती सोपविण्यात आले. यामागील तर्क राजकीय होता. निरोध नाकारणाऱ्या ग्राहकास एकटी स्त्री परत पाठवू शकत नाही. सर्वांनी एकत्रित नकार दिल्यासच ते शक्य होते. म्हणजेच आरोग्याचा प्रश्न संघटनेशिवाय सुटणारा नव्हता. यातूनच १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' आकारास आली.

निधी आणि स्वायत्तता : २००३ च्या अमेरिकी कायद्याने एड्स निधीसाठी वेश्याव्यवसायविरोधी प्रतिज्ञेची अट घातली. ही अट नाकारून 'संग्राम'ने २००५ मध्ये अमेरिकी निधी परत केला.

निष्कर्ष : २०१७ च्या एच.आय.व्ही. कायद्याने भेदभावास मनाई केली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्यांचा सन्मानाने जगण्याचा हक्क अधोरेखित केला. मावळ-लोणावळ्यातून जाणाऱ्या महामार्गावरील ट्रकचालकही असेच 'जोखीम गट' ठरविले गेले. अशा गटांना निर्णयप्रक्रियेत स्थान दिल्याखेरीज प्रतिबंध टिकाऊ होत नाही, हे सांगलीच्या अनुभवावरून स्पष्ट होते.